रस्ता नवा होतोय? रहिवाशांना विचारताना या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याकडे रस्त्याची बैठक ठरते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. टेंडर निघालेलं, खडी कोपऱ्यावर पडलेली. मग लोकांना विचारायचं काय, पेव्हर ब्लॉकचा रंग? एस्टिमेट बनण्याआधी विचारा. नंतर गटाराचं एक झाकण वाढवायचं तरी फाईल पुन्हा फिरते.

सगळ्यात महागात पडते ती उंचीची चूक. जुना थर न खरवडता वर नवा चढवला, असं दोन-तीनदा झालं की उंबरठा रस्त्याच्या खाली जातो आणि पावसाचं पाणी थेट ओसरीत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचा पूर पाहिलेल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. पण बैठकीत नकाशा पसरला की सगळे माना डोलावतात. लेव्हलचे आकडे कुणाला कळतात? त्यापेक्षा इंजिनिअरला गल्लीतून चालवा आणि तयार रस्ता कुठवर येणार ती रेघ प्रत्येक भिंतीवर गेरूने मारून घ्या. रेघ उंबरठ्याच्या वर गेलेली दिसली की गप्प बसणाऱ्या काकूही बोलतात. पाणी कुठे तुंबतं ते त्यांनाच ठाऊक असतं.

बैठक सकाळी अकराला ठेवू नका, फक्त पेन्शनर येतात. भाडेकरू, दुकानदार, भाजीची लारीवाली यांनाही बोलवा. सेक्रेटरीची सही म्हणजे सोसायटीचं मत नव्हे.

सोसायटीचं काम ७०:२०:१० च्या जनभागीदारी योजनेतून असेल, तर ७० टक्के पैसे राज्य सरकारचे, २० टक्के रहिवाशांचे, १० टक्के महापालिकेचे. आराखडा दाखवण्याआधी वर्गणी मागितली की लोक बिथरतात, आणि बरोबरच आहे.

बैठकीत पार्किंगवरून भांडण पेटलं तर तो विषय दुसऱ्या दिवशीवर ढकला. पाणी, ड्रेनेज आणि गॅस, तिन्ही खात्यांकडून वर्षभरातल्या खोदाईची यादी आधीच लेखी मागा. ओल्या काँक्रीटवर चौथ्या दिवशी स्कूटर चढली, तर बहुधा कुणी सांगितलंच नव्हतं. काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांनी आली असं धरतात. तोवर गाड्या कुठे लावायच्या ते घरोघरी कळवा. रस्त्याची उंची चढवूनच झाली असेल, तर निदान दारासमोर आडवी जाळीची नाली करून घ्या, ती गटाराला जोडलेली हवी.

आणि गणपती मंडळाला विसरू नका. मांडवाच्या खांबांसाठी काँक्रीट ओततानाच पाइपचे तुकडे बसवून वर झाकणं लावली, तर भाद्रपदात नव्या रस्त्यावर पहार चालणार नाही.