मिरर दूरच्या पोर्टवर नेताय? या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत वजनकाट्याची तक्रार होती. गेटवरच्या केबिनमधला पीसी ऑफिसमधल्या ईआरपी सर्व्हरला वजन पाठवायचा आणि मधूनच अडकायचा. मी एसीत, ऑफिसच्या स्विचपाशी लॅपटॉप लावून बसलो, केबिनच्या स्विचवरची वाहतूक आरस्पॅननं (स्विचवरच्या वाहतुकीची प्रत, म्हणजे मिरर, दूरच्या स्विचवर नेण्याची सोय) इकडं ओढली आणि तासाभरात निकाल दिला: लिंक भरलीय, पॅकेट गळतायत, मधली फायबर आणि मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटवर्क केबल जोडणारे डबे) बदला. तेवढ्यात डिस्पॅचवाल्याचा फोन. "साहेब, तुम्ही बसल्यापास्नं जास्तच अडकाय लागलंय. ट्रक पार हायवेपतूर लागल्यात!"

त्याचं खरं होतं. लिंक मीच भरली होती. तो हिशेब पुढं येईलच. मिररचा मोठा धोका हा की तो बंद पडला तर कळतं, पण अर्धवट चालला तर कळत नाही. स्क्रीनवर पॅकेट धावत असतात, आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो आणि मिररनं गाळलेल्या पॅकेटचं खापर नेटवर्कवर फोडतो.

आधी शंभर पिंग मोजा

कॅप्चर, म्हणजे टिपलेली पॅकेट, वाचायला घेण्याआधी मी आता एकच गोष्ट करतो. ज्या पोर्टचा मिरर लावलाय त्या पोर्टवरच्या मशीनवरून ७७७ बाइटचे शंभर पिंग (उत्तर मागणारी चाचणीची पॅकेट) सोडतो. विंडोजवर त्यासाठी एन शंभर आणि एल ७७७ हे पर्याय द्यायचे. ७७७ एवढ्यासाठी की या मापाचं पॅकेट सहसा दुसरं कुणी पाठवत नाही. त्यात आयसीएमपीचे ८, आयपीचे २० आणि इथरनेटचे १४ बाइट मिळवले की वायरशार्क या पॅकेट वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमची लांबी ८१९ दिसते. व्हीलॅनचा (त्याच स्विचांवर आखलेलं वेगळं नेटवर्क) टॅग शाबूत आला असेल तर ८२३. त्या लांबीचा फिल्टर लावा आणि मोजा.

दोन्ही दिशांचा मिरर असेल तर जाणारे शंभर आणि येणारे शंभर मिळून दोनशे हवेत. शंभरच दिसले तर एकच दिशा लावलीय. चारशे दिसले तर प्रत्येक पॅकेटच्या दोन प्रती येतायत. एकशे ब्याऐंशी वगैरे दिसले, आणि पिंग करणाऱ्या मशीनवर मात्र शंभरपैकी शंभर उत्तरं आली, तर गळती मिररच्या वाटेत आहे, नेटवर्कात नाही. दोन मिनिटांचं काम आहे. शिरोलीत मी ते केलं नव्हतं.

शून्य आले तर वाट तपासा

आरस्पॅनची रचना तशी सरळ आहे. एक वेगळा व्हीलॅन घ्यायचा, समजा ९००. त्याला रिमोट-स्पॅन म्हणून घोषित करायचं. सोर्स स्विचवर कॉपी त्या व्हीलॅनमध्ये सोडायची आणि शेवटच्या स्विचवर त्याच व्हीलॅनमधून काढून मॉनिटरच्या पोर्टवर द्यायची. बहुतेक जण ही दोन टोकं नीट करतात आणि मधला स्विच विसरतात. वाटेतल्या प्रत्येक स्विचवर ९०० हवा, रिमोट-स्पॅन म्हणूनच हवा, आणि प्रत्येक ट्रंकवर (दोन स्विच जोडणारी, अनेक व्हीलॅन नेणारी लिंक) त्याला परवानगी हवी. सिस्कोवर 'शो व्हीलॅन रिमोट-स्पॅन' आणि 'शो इंटरफेसेस ट्रंक' या दोन कमांडमध्ये बहुतेक उत्तर मिळतं. दुसऱ्या कमांडच्या अगदी शेवटच्या भागात ९०० दिसतोय का ते बघा. वरच्या भागात दिसतो आणि शेवटच्यात नाही, तर स्पॅनिंग ट्रीनं (वाहतूक गोल फिरू नये म्हणून जादा वाट अडवणारी यंत्रणा) किंवा व्हीटीपी (स्विचांमध्ये व्हीलॅनची यादी पसरवणारी सिस्कोची सोय) प्रूनिंगनं तो त्या ट्रंकवर अडवलाय.

व्हीलॅनचा नंबर १००५च्या वरचा घेतला असेल तर व्हीटीपीची पहिली आणि दुसरी आवृत्ती तो पसरवत नाही, प्रत्येक स्विचवर हातानं टाकावा लागतो.

आता एक इशारा. ट्रंकवर ९०० जोडताना कमांडमध्ये 'ॲड' हा शब्द लिहा. 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ९००' एवढंच लिहून एंटर मारलं की ९०० जोडला जात नाही, आधीची सगळी यादी पुसून फक्त ९०० उरतो. पलीकडचा शेड त्याच क्षणी अंधारात. तुम्ही रिमोटनं लॉगिन असाल तर तुम्हीसुद्धा. मग गाडी काढा आणि कन्सोल केबल घेऊन निघा. ही चूक आयुष्यात एकदा प्रत्येकाकडून होते, फक्त ती दुसऱ्या पाळीच्या ऐन मध्यावर होऊ नये.

फक्त ब्रॉडकास्ट दिसतंय?

यानं मला सगळ्यात जास्त छळलंय. लक्षण असं: मॉनिटरवर एआरपी दिसतात, डीएचसीपीची हाक दिसते (दोन्ही ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून), पण ज्या दोन मशीनचं संभाषण हवंय त्यांचं एखाददुसरं पॅकेट येतं आणि मग शांतता. दोन्ही टोकांचं कॉन्फिगरेशन बिनचूक.

कारण असतं मधल्या दुसऱ्या ब्रँडच्या स्विचमध्ये. आपल्याकडच्या कारखान्यांत हे हमखास: मूळ दोन स्विच चांगले, मग शेड वाढला तेव्हा जो मिळाला तो. या मधल्या स्विचला रिमोट-स्पॅन म्हणजे काय हे माहीत नसतं. त्याच्या दृष्टीनं ९०० हा साधा व्हीलॅन. साध्या व्हीलॅनमध्ये स्विच मॅक पत्ते, म्हणजे प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डाचे पत्ते, शिकतो. पीसीचं पॅकेट सोर्सकडच्या ट्रंकवरून आलं, त्यानं टिपलं: पीसी या बाजूला आहे. सर्व्हरच्या उत्तराची प्रतही त्याच ट्रंकवरून आली, त्यानं टिपलं: सर्व्हरही याच बाजूला आहे. पुढचं पॅकेट सर्व्हरसाठी आलं की त्याचा विचार सरळ असतो. ज्या दारातून आलंय त्याच दाराकडं जायचंय, मग पुढं कशाला पाठवू? टाकून देतो. ब्रॉडकास्ट मात्र सगळीकडं जायचंच असतं, म्हणून ते पोचतं.

खरा रिमोट-स्पॅन व्हीलॅन मॅक शिकतच नाही, येईल ते सगळ्या ट्रंकवर पसरवतो. तेव्हा उपाय दोनच. त्या मधल्या स्विचवर ९०० पुरतं मॅक लर्निंग बंद करता येतं का बघा, बऱ्याच मॅनेज्ड स्विचवर येतं. नसेल येत तर त्याला वाटेतून बाजूला करा.

आणि हे सगळीकडं पसरतं म्हणूनच ९०० वर स्पॅनिंग ट्री बंद करण्याचा मोह टाळा. शेडांना जोडणारी फायबर रिंग असेल तर कॉपीच गोल फिरत बसेल आणि प्लँटला झोपवेल. ९०० मध्ये कुठलाही ॲक्सेस पोर्टही (मशीन लावायचा साधा पोर्ट) ठेवू नका. त्या भोकात कुणी लॅपटॉप खुपसला तर सगळ्या ऑफिसचं बोलणं त्याला फुकटात ऐकू येईल.

माझा वजनकाट्याचा हिशेब

केबिनच्या स्विचवर काट्याचा पीसी आणि आठ कॅमेरे, सगळे एकाच व्हीलॅनमध्ये. कॅमेरा साधारण ४ एमबीपीएसचा, म्हणजे ३२. रेकॉर्डर ऑफिसात, त्यामुळं हे ३२ एरवीच ऑफिसकडं जातात. मधल्या फायबरवर जुने १०० एमबीपीएसचे मीडिया कन्व्हर्टर. ३२ म्हणजे एक तृतीयांश. लिंक मजेत होती.

मी आळस केला. पीसीचा पोर्ट शोधायचा कंटाळा म्हणून आख्खा व्हीलॅनच सोर्स म्हणून लावला, तोही दोन्ही दिशांनी. कॅमेऱ्याची फ्रेम स्विचमध्ये शिरताना एकदा कॉपी झाली, ट्रंकवरून बाहेर पडताना दुसऱ्यांदा. ३२ चे ६४ झाले, आणि हे ६४ त्याच फायबरवरून माझ्याकडं निघाले. मूळचे ३२ धरून ९६. वर पीसीचा डेटा आणि बाकीची किरकोळ वाहतूक. शंभराच्या नळीतून हे जाणार कसं? जे सांडलं त्यात काट्याची वजनंही होती. रोग बघायला गेलो आणि रोग मीच वाढवला.

त्या कॅप्चरमध्ये पुरावा होता, मी तो वाचला नाही. वायरशार्क दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. 'रीट्रान्समिशन' म्हणजे पाठवणाऱ्यानं पॅकेट पुन्हा पाठवलं. 'ॲक्ड अनसीन सेगमेंट' म्हणजे पलीकडच्यानं ज्याची पोच दिली ते पॅकेट या कॅप्चरमध्ये आलंच नाही. दुसरी ओळ महत्त्वाची. घेणाऱ्याला पॅकेट मिळालंय, तुम्हाला दिसलं नाही, म्हणजे ते मिररच्या वाटेवर हरवलं. या ओळींची रांग दिसली की कॅप्चर तिथंच बंद करा, त्यावरून कुणालाही काहीही सांगू नका. शिवाय माझ्या फाइलमधली निम्मी 'रीट्रान्समिशन' म्हणजे व्हीलॅन मिररच्या जोडप्रती होत्या. वायरशार्कसोबतच्या एडिटकॅपला डी पर्याय देऊन अशा प्रती काढून टाकता येतात, पण मुळात त्या होऊच न देणं बरं.

तेव्हा सोर्स म्हणून फक्त लागेल तोच पोर्ट लावा. लक्षात ठेवा, गिगाबिट पोर्टच्या दोन्ही दिशा मिळून २ जीबीपीएस होऊ शकतात आणि त्या उतरतात १ जीबीपीएसच्या एका मॉनिटर पोर्टवर. स्विच जादा पॅकेट मुकाट्यानं टाकतो. मधली लिंक बारीक असेल तर मिरर दूर नेण्याचा हट्टच सोडा. केबिनमध्ये एक छोटा लिनक्स बॉक्स ठेवा, तिथंच टीसीपीडंप हा पॅकेट टिपणारा प्रोग्राम चालवा, प्रत्येक पॅकेटचे पहिले ९६ बाइट साठवा आणि रात्री फाइल ओढून घ्या. डोकं कमी, काम जास्त.

लॅपटॉपच्या बाजूला

मॉनिटर पोर्टवर लावलेल्या लॅपटॉपचं इंटरनेट गेलं की लोक घाबरतात. जाणारच. तो पोर्ट फक्त कॉपी देतो, स्विचवर त्याची स्थिती 'डाउन, मॉनिटरिंग' अशी दिसते आणि ते बरोबर आहे. दुसरं कार्ड किंवा वायफाय वापरा.

लिनक्सवर आयपीचा फिल्टर लावला आणि काहीच दिसेना, तर पॅकेटवर टॅग आहे का बघा. टॅग असेल तर टीसीपीडंपच्या फिल्टरमध्ये होस्टच्या आधी 'व्हीलॅन अँड' लिहून बघा. उलट विंडोजवर कार्डाचा ड्रायव्हर अनेकदा टॅग गिळून टाकतो, आणि आपण स्विचला शिव्या घालतो. १५०० च्या वर, चार-पाच हजार बाइटची पॅकेट दिसली तर तीही स्विचची करामत नव्हे. लॅपटॉपच्या कार्डानं किंवा कर्नलनं ती चिकटवलीत. एथटूलनं जीआरओ आणि एलआरओ बंद करा.

राउटरपलीकडं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, शिरोलीचा रस्ता बंद पडला, तेव्हापासून मालकलोकांना सगळं शहरात बसून बघायचं असतं. मागणी रास्त आहे, पण आरस्पॅन हा लेयर २ चा खेळ आहे. कागल फाइव्ह स्टारचा प्लँट आणि शाहूपुरीतलं ऑफिस यांच्यामध्ये राउटर आला की ९०० तिथंच थांबतो. तिथं ईआरस्पॅन लागतं, जे कॉपीला जीआरईच्या पाकिटात घालून आयपीवरून पाठवतं. प्रत्येक स्विचला ते जमत नाही. सिस्कोच्या जुन्या २९६० मालिकेत ते नाहीच, तेव्हा कोटेशन देण्याआधी मॉडेल बघा.

इथली नेहमीची चूक एमटीयूची, म्हणजे वाटेत मावणाऱ्या पॅकेटच्या कमाल मापाची. नेहमीच्या दुसऱ्या प्रकारच्या ईआरस्पॅनचं पाकीट मूळ फ्रेमवर ५० बाइट चढवतं. भरलेली फ्रेम मग १५०० च्या वाटेत बसत नाही. लक्षण फसवं असतं: टीसीपीची सुरुवातीची ओळखदेख दिसते, छोटे संदेश दिसतात, फाइल सुरू झाली की पॅकेट गायब. पुन्हा तेच पिंग काढा. ७७७ चे दोनशे आले आणि १५०० पुरेपूर भरणारा १४७२ चा एकही आला नाही, तर वाटेतला एमटीयू वाढवावा लागेल.

जे मिररमध्ये येतच नाही

खराब फ्रेम स्विच दारातच टाकतो, तिची कॉपी होत नाही. म्हणून केबल, कनेक्टर, अर्थिंग यांचे आजार मिररमध्ये दिसत नाहीत. जिथं इंडक्शन भट्ट्या आणि वेल्डिंग सेट चालतात तिथं हे आजार कमी नसतात. आरस्पॅनवर बीपीडीयू आणि सीडीपी हे स्विचांचे आपसातले संदेशही येत नाहीत, तेव्हा स्पॅनिंग ट्रीचा घोळ तिथं शोधू नका.

शिरोलीत मी जुनं सेशन काढलं, फक्त पीसीच्या पोर्टचा मिरर लावला. पिंग मोजले, दोनशेपैकी दोनशे. 'ॲक्ड अनसीन' एकही नाही. तरी खरी रीट्रान्समिशन उरली होती, थोडी, पण ठराविक वेळी झुंडीनं येणारी. मग एसीतून उठलो, केबिनमध्ये गेलो आणि त्या पोर्टचा सीआरसीचा, म्हणजे खराब आलेल्या फ्रेमचा, आकडा बघितला. शेजारच्या फॅब्रिकेशनमध्ये वेल्डिंग सुरू झालं की तो पळायचा, थांबलं की थांबायचा. पीसीची केबल बाहेरच्या भिंतीवर थ्री-फेजच्या केबलला टाय मारून शेजारी शेजारी नेली होती. वेगळ्या पाइपमधून शिल्डेड केबल ओढली, मॉनिटर सेशन पुसलं, काउंटर शून्य केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही तो शून्यच होता.

डिस्पॅचवाला दारात उभा. "मग साहेब, ती फायबर बदलायची का न्हाई?"

"नको," म्हटलं, "चांगली आहे ती."