खोल ऑब्जेक्टचं एक्सएमएल होत नाही? एरर तळापासून वाचा

मी सी शार्पमध्ये बिलिंगचं काम करते. बिलात ओळी, ओळीत वस्तू, वस्तूत कर, अशी थरावर थर रचना असते आणि ती डॉट नेटच्या एक्सएमएल-सिरियलायझरने फाइलमध्ये उतरवायची असते. कुठे अडलं की तो सांगतो, 'बिल' हा टाइप रिफ्लेक्ट करताना (म्हणजे क्लासची रचना तपासताना) एरर आली. बिलाच्या क्लासमध्ये बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. म्हणून कोडला हात लावण्याआधी एक्सेप्शनचा फक्त मेसेज लॉग न करता टू-स्ट्रिंग करून सगळंच लॉग करा. प्रत्येक थराचं एकेक इनर एक्सेप्शन (एररच्या आत गुंडाळलेली एरर) त्यात असतं: बिल, मग ओळी, मग वस्तू. सगळ्यात आतलं खरं कारण सांगतं.

पुढचा प्रश्न: एरर सिरियलायझर तयार करतानाच आली, की सिरियलाइझ म्हटल्यावर? तयार करताना आली तर दोष क्लासच्या आखणीत आहे, डेटा तपासत बसू नका. पॅरामीटरशिवायचा कन्स्ट्रक्टर नाही, प्रॉपर्टीचा टाइप इंटरफेस आहे किंवा कुठेतरी डिक्शनरी आहे, बहुधा या तिघांपैकी एक. इंटरफेसच्या जागी प्रत्यक्ष क्लास द्या, आय-लिस्ट असेल तर साधी लिस्ट. डिक्शनरीवर एक्सएमएल-इग्नोर (ही प्रॉपर्टी सोडून दे, असं सांगणारा अ‍ॅट्रिब्यूट) लावून शेजारी की आणि व्हॅल्यू धरणाऱ्या छोट्या क्लासची लिस्ट ठेवा. तरी सापडलं नाही, तर फक्त 'कर' या क्लाससाठी सिरियलायझर बनवून बघा, मग 'वस्तू'साठी, मग 'ओळ'साठी. ज्या पायरीवर फुटेल तिथेच शोधा.

सिरियलाइझ करताना आली तर दोष त्या वेळच्या ऑब्जेक्टमध्ये. सर्क्युलर रेफरन्स, म्हणजे एकमेकांकडे परत बोट दाखवणारे ऑब्जेक्ट, हा नेहमीचा: ओळीला आपलं बिल माहीत, बिलाला आपल्या ओळी माहीत. एंटिटी फ्रेमवर्कचे (डेटाबेसच्या टेबलांशी जोडलेले) क्लास थेट सिरियलाइझ केले की हे अनेकदा होतं. मागे जाणाऱ्या प्रॉपर्टीवर एक्सएमएल-इग्नोर लावा आणि वाचून झाल्यावर ती कोडने भरा. डॉट नेटच्याच दुसऱ्या, डेटा-काँट्रॅक्ट-सिरियलायझरमध्ये इज-रेफरन्स चालू करता येतं, पण त्याने एक्सएमएलमध्ये आयडी आणि रेफचे अ‍ॅट्रिब्यूट येतात. समोरच्याची स्कीमा (फाइलच्या रचनेचे नियम) ठरलेली असेल तर तो फाइल नाकारेल. माझं ठाम मत, एक्सएमएलसाठी क्लास वेगळेच ठेवावेत.

'हा टाइप अपेक्षित नव्हता' असं आलं तर वस्तूंच्या लिस्टमध्ये 'सेवा'सारखा डिराइव्ह्ड क्लास शिरलाय. बेस क्लासवर एक्सएमएल-इन्क्लूड लावून तो डिराइव्ह्ड क्लास सिरियलायझरला कळवा. सिरियलायझरच्या कन्स्ट्रक्टरला जादा टाइपची यादी देऊनही काम होतं, पण त्याने बनलेला कोड कॅश होत नाही: प्रत्येक वेळी नवी असेंब्ली (कोडचं तयार पॅकेज) बनते आणि मेमरी चढत जाते. असा सिरियलायझर स्टॅटिक फील्डमध्ये एकदाच बनवून ठेवा.

मजकुरातली अदृश्य अक्षरंही तपासा. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालच्या अक्षर-कोडपैकी फक्त ९, १० आणि १३ चालतात. कॉपी-पेस्टमधून आलेला ११ चालत नाही. एक्सएमएल-रायटर-क्रिएट वापरून लिहिलंत तर एरर जागीच मिळते. जुन्या एक्सएमएल-टेक्स्ट-रायटरमधून ते अक्षर निसटतं आणि फाइल वाचणाऱ्याकडे फुटते.

सगळ्यात त्रासदायक बग एरर देतच नाही, कराची रक्कम गुपचूप गायब होते. फक्त गेट असलेली साधी प्रॉपर्टी सिरियलायझर सोडून देतो. एक्सएसडीवरून, म्हणजे स्कीमाच्या फाइलवरून, बनवलेल्या क्लासमध्ये 'रक्कम'च्या जोडीला 'रक्कम-स्पेसिफाइड' नावाचं बूलियन असतं. रक्कम भरली पण ते ट्रू केलं नाही, तर तो एलिमेंट लिहिलाच जात नाही. यासाठी टेस्ट लिहा: सगळ्या थरांत खऱ्या किमती भरलेलं बिल लिहायचं, परत वाचायचं आणि सर्वांत आतल्या कराची रक्कम ताडून बघायची. फाइल तयार झाली एवढंच बघणाऱ्या टेस्टला हा बग कधीच सापडत नाही.