मोठी संख्या मूळ ठरवताना या चुका टाळा

बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड ५९०००१ आहे. दहावीच्या मुलांना अवयव पाडायला शिकवताना मी अनेक वर्षे हीच संख्या फळ्यावर लिहितो, कारण मुले जेथे जेथे घसरतात, त्या बहुतेक जागा तिच्यात एकत्र सापडतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे शोध अर्ध्यावर सोडणे. अंकांची बेरीज १५ येते, म्हणून ३ ने भाग जातो आणि भागाकार १,९६,६६७ येतो. इथपर्यंत सर्वजण पोहोचतात. खानापूरहून शिकवणीला येणाऱ्या एका हुशार मुलाने पुढे ९७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले, एकदाही बाकी शून्य आली नाही, तेव्हा "ही मूळ संख्या आहे" असे लिहून त्याने वही मिटली. कारण विचारल्यावर म्हणाला, "सर, शंभरपर्यंत बघितलं की." शंभर ही मर्यादा कोठून आली, हे त्याला सांगता येईना. खरी मर्यादा वर्गमुळाची असते. ४४३ चा वर्ग १,९६,२४९ आणि ४४४ चा १,९७,१३६ आहे, म्हणजे मध्येच भाग गेला नाही, तर ४४३ पर्यंतच्या सर्व मूळ संख्या तपासणे भाग आहे. मी त्याला वही पुन्हा उघडायला लावली. १९३ ने निःशेष भाग गेला आणि १,०१९ आले. ९७ नंतरच्या एकोणिसाव्या मूळ संख्येवर उत्तर त्याची वाट पाहत होते.

तेव्हापासून भागाकार सुरू करण्यापूर्वी वर्गमूळ पानाच्या माथ्यावर लिहून त्याला चौकट करण्याची सवय मी लावतो. प्रत्येक भाजकापुढे बाकीही लिहिलीच पाहिजे. नुसती फुली मला चालत नाही, कारण चुकलेला भागाकार बाकीवरूनच पकडता येतो.

मोबाईलवर विसंबणे ही दुसरी चूक. १,९६,६६७ ला १०७ ने भागल्यास पडद्यावर १८३८.००९३… दिसते आणि घाईतला मुलगा ते १,८३८ च समजतो. १०७ ला १,८३८ ने गुणले, तर शेवटचा अंक ६ येतो, ७ नव्हे. एवढे पाहायला कागदही लागत नाही. पाढे कच्चे ठेवून मोबाईल हाती घेणे मला मुळीच मान्य नाही.

१,०१९ साठी पुन्हा २ पासून सुरुवात करू नये. त्याचे वर्गमूळ ३२ च्या आत आहे आणि तिथवरच्या मूळ संख्या आधीच बाद झाल्या आहेत. शेवटी १ आहे म्हणून ५,९०,००१ ला वर्गसंख्याही म्हणू नये: ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही.

विभाजक तीन नसून आठ आहेत: १, ३, १९३, ५७९, १,०१९, ३,०५७, १,९६,६६७ आणि ५,९०,००१. त्यांची बेरीज ४ × १९४ × १,०२०, म्हणजे ७,९१,५२० होते. प्रत्येक मूळ अवयवात १ मिळवून गुणण्याची ही रीत अवयव एकेकदाच आल्यामुळे चालली. शेजारच्या ५,९०,००० मध्ये २ चार वेळा येतो. तेथे त्याच्यासाठी ३ नव्हे, १ + २ + ४ + ८ + १६ म्हणजे ३१ घ्यावे लागतात.