परक्यांसाठी वापरले जाणारे शब्द कसे टिपावेत

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलो. शाळेच्या रस्त्यावर गुजराती मुले आम्हाला 'घाटी' म्हणत, आणि मे महिन्यात पुण्याला गेल्यावर पानावर बसून मी भाजीला 'शाक' म्हटले की मावसभावंडे 'आला गुजराथी' म्हणून हसत. दोन्ही ठिकाणी मी बाहेरचाच ठरत असे. पुढे मी हे शब्द कार्डांवर लिहून ठेवू लागलो. आपल्या घरातले, गल्लीतले असे शब्द जपून ठेवावेत असे ज्यांना वाटते, त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ही पद्धत येथे देत आहे.

सुरुवात स्वतःला लागलेल्या शब्दांपासून करावी. 'आपण इतरांना काय म्हणायचो?' असे विचारले की घरातली वडीलधारी माणसे सावध होतात आणि 'आपल्यात असं कोणी बोलत नसे' एवढे सांगून विषय संपवतात. 'लोक आपल्याला काय म्हणत?' असे विचारले तर मात्र आठवणी मोकळ्या होतात आणि बोलण्याच्या ओघात आपण उलट काय म्हणत होतो तेही बाहेर येते. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत असा प्रश्न विचारल्यावर 'दक्षिणी' हा शब्द हमखास निघतो. अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग जी घराणी येथे आली ती दक्षिणेकडून आली, म्हणून त्यांना हे नाव पडले. त्यात राग नाही, केवळ दिशा आहे.

टिपताना सुटा शब्द न टिपता पूर्ण वाक्य टिपावे. कार्डाच्या माथ्यावर शब्द लिहावा, त्याखाली वाक्य जसे कानावर पडले तसेच उतरवावे, आणि बोलणाऱ्याचे नाते, वय, व्यवसाय, अंदाजे काळ, तसेच ज्याच्याविषयी बोलले गेले तो समोर होता की नव्हता, एवढ्या गोष्टी नोंदवाव्यात. कोणाचेही नाव लिहू नये. माझ्याकडचे एक कार्ड 'भय्या' या शब्दाचे आहे. 'भय्या आला का बघ रे', असे आजी सकाळी हातात पितळी पातेले घेऊन दारातून म्हणे. दूधवाला उत्तर प्रदेशातला होता आणि त्याच्या घरी हा शब्द भावासाठी होता. आजीच्या बोलण्यातही त्याला धार नव्हती. पण पैशांवरून वाद झाला की तेच 'हे भय्ये लोक' होई. कार्ड लिहिताना मला जाणवले की इतकी वर्षे आमच्याकडे दूध घालणाऱ्या या माणसाचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ही गोष्टही मी त्या कार्डावर लिहिली आहे, कारण शब्दाच्या अर्थात तीही येते.

मराठीत तुच्छता ओळखायची असेल तर व्याकरणाकडे पाहावे. 'ते मारवाडी' म्हणणारा आणि 'तो मारवाड्या' म्हणणारा एकाच माणसाबद्दल बोलत असतो, पण पहिल्याने ओळख सांगितलेली असते आणि दुसऱ्याने हिणवलेले असते. 'कोकणी' आणि 'कोकण्या' यांतला फरकही तोच आहे. एकेरी क्रियापद, शेवटचा 'या', मागे जोडलेले 'लोक', पुढे लावलेले 'असले' किंवा 'तसले' या खुणा कार्डावर अधोरेखित कराव्यात. शब्दकोशात त्या सापडत नाहीत.

यानंतर शब्द कशावरून आला ते पाहावे. काही शब्द वेशावरून येतात, जसे जुन्या मराठी कागदपत्रांत युरोपियनांसाठी आलेले 'टोपीकर'. काही रंगावरून, जसे गुजरातीतले 'धोळिया'. मला सर्वांत विचार करायला लावणारे शब्द बोलीवरून आलेले आहेत. 'म्लेच्छ' या शब्दाच्या मुळाशी अस्पष्ट बोलणे आहे. ग्रीकांना परक्यांची भाषा 'बर्बर' अशी ऐकू आली आणि त्यांनी त्या लोकांना तेच नाव दिले. रशियन, पोलिश अशा स्लाव्ह भाषांत जर्मनांसाठी असलेला शब्द मुक्या माणसासाठीच्या शब्दाशी जोडलेला आहे. ज्याचे बोलणे आपल्याला कळत नाही त्याला बोलताच येत नाही, असे मानण्याची खोड किती जुनी आणि किती दूरवर पसरलेली आहे, हे यावरून दिसते.

अर्थ सरकतात, म्हणून प्रत्येक अर्थापुढे काळ लिहावा. 'यवन' मूळचे आयोनियातले ग्रीक होते, पुढे तो शब्द मुसलमानांसाठी रूढ झाला. 'फिरंगी' हा फ्रँक लोकांच्या नावावरून फारसीमार्गे आला आणि मराठीत बराच काळ पोर्तुगीजांना लागला. जुन्या अर्थासाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 सालची दुसरी आवृत्ती पाहावी, गुजराती शब्दांसाठी नऊ खंडांचा भगवद्गोमंडल कोश पाहावा, आणि ऐकीव व्युत्पत्ती कितीही गोड वाटली तरी 'असे सांगतात' या शब्दांनीच नोंदवावी. 'घाटी' म्हणजे सह्याद्रीच्या घाटावरून खाली उतरलेला माणूस. मुंबईच्या गुजराती घरांत त्याचा अर्थ घरगडी असा झाला, आणि माझ्या मते तोच अर्थ घेऊन तो आमच्या गल्लीत आला, कारण बडोद्याभोवती कोठे घाट नाही.

जातीवरून हिणवणारे शब्द वेगळ्या पाकिटात ठेवावेत आणि ते चारचौघांत वाचून दाखवू नयेत. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी जातीवाचक शिवी देणे 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायदा नसता तरी ही काळजी घ्यायलाच हवी होती, कारण ऐकणाऱ्याला तो शब्द अभ्यासाचा म्हणून कमी लागत नाही.

शेवटी कार्डाच्या तळाशी दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात. ज्याला तो शब्द लागला त्याला, एकांतात आणि त्याची तयारी असेल तरच, कार्ड वाचायला द्यावे आणि त्या ओळी त्याच्याच हाताने भरून घ्याव्यात. 'घाटी'चे कार्ड मी वडिलांपुढे ठेवले, तेव्हा ते बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि मग त्यांनी लिहिले : 'नोकरीत एकदाच ऐकला. घरी कोणाला सांगितलं नाही.'