घरातलं माणूस गेल्यावर पीएफ आणि कर्ज : या चुका टाळा

काका गेले आणि तेराव्याच्या आधीच बँकेच्या वसुलीवाल्यांचा फोन आला. आजारपणात वैयक्तिक कर्जाचे हप्ते थकले होते. काकू इतक्या घाबरल्या, की पीएफचे पैसे खात्यात येताच त्यांनी सगळं कर्ज फेडून टाकलं. त्या सहकर्जदार नव्हत्या, जामीनदारही नव्हत्या आणि काकांच्या नावावर दुसरी मालमत्ताही नव्हती. ते पैसे देणं त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पीएफच्या कायद्यानुसार सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला मिळणारी रक्कम मृताच्या देण्यांपासून मुक्त असते. एरवीही कर्जासाठी वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. त्यामुळे फोनवर घाईघाईने "भरतो" म्हणू नका, कशावरही सही करू नका. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून बँकेला लेखी कळवा, पोच घ्या आणि कर्जाचा उतारा मागा.

गृहकर्जाचं मात्र वेगळं आहे. घर तारण असतं, आणि पत्नी बहुतेकदा सहकर्जदार असते. तिथे हप्ते थांबवून चालत नाही. ९० दिवसांहून जास्त थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे बुडीत, धरलं जातं. पण आधी मंजुरीपत्र काढून नीट वाचा. अनेकदा कर्जाच्या विम्याचा एकरकमी प्रीमियम कर्जातच मिळवलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी चूक म्हणजे पीएफची शिल्लक मिळाली की फाइल बंद करणं. दावे तीन असतात : शिल्लक रकमेसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी फॉर्म १०डी आणि विम्यासाठी फॉर्म ५आयएफ. माणूस नोकरीत असताना गेला असेल तर ईडीएलआय या पीएफशी जोडलेल्या विमा योजनेत ७ लाखांपर्यंत विमा मिळतो, आणि त्यासाठी पगारातून एक पैसाही कापलेला नसतो. म्हणूनच तो घरच्यांना माहीत नसतो. विधवा पेन्शनसोबत दोन मुलांना वयाच्या २५व्या वर्षापर्यंत पेन्शन मिळते. ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी संपल्यावर मालकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम) लागणारी ५ वर्षांची अटही मृत्यू झाल्यास लागू होत नाही, तेव्हा "तेवढी नोकरी झाली नव्हती" हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

बँकेचं पासबुक ओळ न ओळ वाचा. काकांच्या पासबुकात मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झालेले दिसले. तो सरकारच्या जीवनज्योती विमा योजनेचा हप्ता, विमा २ लाखांचा. २० रुपयांची नोंद असेल तर ती सुरक्षा विमा योजना. ती अपघाती मृत्यूसाठी.

एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका, पिन माहीत असला तरी. पुढे वारसांत वाद झाला तर तेच अंगलट येतं. पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खातंही नॉमिनीला पुढे चालवता येत नाही, ते बंदच करावं लागतं.

आणि नॉमिनेशन. लग्नाआधी आईच्या किंवा भावाच्या नावे केलेलं पीएफ नॉमिनेशन लग्नानंतर रद्द ठरतं, नवं करावं लागतं. आज ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर जाऊन आपलं ई-नॉमिनेशन तपासा, आणि आधारवरचं नाव, जन्मतारीख पीएफच्या नोंदीशी जुळते का तेही पाहा. "सुरेश" आणि "सुरेशकुमार" एवढ्या फरकावरही दावा परत येतो, आणि तेव्हा ते दुरुस्त करायला आपण नसतो.