गॅरेजमध्ये नेली की गाडी बरी, रस्त्यावर आली की बंद: असला फॉल्ट पकडायचा कसा

बडोद्यात काळा घोड्यापाशी, दुपारी दीडला, गाडी बंद. एसी चालू होता, सिग्नलला उभा होतो, आचका नाही धक्का नाही, सरळ झोपली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले, मागून हॉर्न सुरू, शेजारी आई बसलेली, तिला डॉक्टरकडे न्यायचं होतं. दोन मिनिटांनी सेल्फ मारला तर लगेच चालू, जसं काही झालंच नाही. पुढचे नऊ दिवस काही नाही आणि दहाव्या दिवशी अकोट्याच्या पुलावर परत तेच.

ज्यांच्या गाडीला असं कधी होतं कधी नाही होत त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण यात माणसाचे पैसे फार वाया जातात. माझे गेले. एका गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीने नोंदवलेले फॉल्टचे कोड वाचायचं यंत्र) लावला, पी ०३३५ आला, म्हणजे क्रँक सेन्सरच्या (इंजिन किती वेगाने फिरतंय ते इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगणाऱ्या) सर्किटचा कोड, त्यांनी सेन्सर बदलला. आठ दिवसांत परत बंद. मग दुसरीकडे फ्युएल पंप बदलला. दोन्ही जुने पार्ट घरी आणून चेक केले, दोन्ही चांगले होते. फॉल्ट होता एका अर्थच्या वायरमध्ये, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणाऱ्या वायरमध्ये.

तर पहिली गोष्ट ही की कोड पार्टचं नाव सांगत नाही, सर्किटचं सांगतो. क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, त्याचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) आहे, दोन किंवा तीन वायरी आहेत, पलीकडे इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आहे आणि इसीयूचा स्वतःचा सप्लाय आणि अर्थ आहे. यातलं काहीही क्षणभर सुटलं तरी कोड तोच येणार. म्हणून कोड बघून लगेच पार्ट मागवू नका.

दुसरी गोष्ट, बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवायची घाई करू नका. पुष्कळ जण सांगतात की टर्मिनल काढा, सगळं रीसेट होईल. रीसेट होतं आणि त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. कोड पडतो त्या क्षणाचं फ्रीझ फ्रेम इसीयू साठवून ठेवतो, त्यात आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), कूलंटचं तापमान, गाडीचा वेग, इंजिनवरचा लोड असं सगळं असतं. आधी त्याचा मोबाईलवर फोटो काढा. पेंडिंग कोड पण वेगळे बघा, कारण बरेचसे फॉल्ट लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय चेक लाइट लागत नाही, पण पेंडिंगमध्ये ते आधीच येऊन बसलेले असतात. माझ्या गाडीत पी ०५६२ पेंडिंगला होता, म्हणजे सिस्टिमचा व्होल्टेज कमी पडला, आणि तो कोणी वाचलाच नव्हता. साधा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर पण हे दाखवतो, स्टीअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट असतं त्यात लावायचा.

मग वही. दांडिया बाजारात आमच्या ओळखीचे एक ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत, मराठीच, त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी बोनेट उघडलंच नाही. विचारलं, "पंखा लागल्यावर बंद पडते का त्याच्या आधी?" मी म्हटलं, काका, ते नाही बघितलं. "मग बघ आणि लिहून आण." तर डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही ठेवली आणि प्रत्येक वेळी लिहिलं: वेळ, ऊन की पाऊस, इंजिन गार की गरम, एसी चालू की बंद, पेट्रोलवर की सीएनजीवर, टाकीत किती, रस्ता खडबडीत होता का, बंद पडताना आरपीएमचा काटा धाडकन पडला की हळूहळू, परत चालू व्हायला किती वेळ लागला. पाच वेळा झालं तेव्हा पाचही वेळा एसी चालू, गाडी उभी, इंजिन गरम. चालत्या गाडीत एकदाही नाही. गाडी उभी असताना हवा मिळत नाही, मग रेडिएटरचा पंखा लागतो. काकांनी विचारलं होतं ते बरोबर तेच.

काट्याचं का लिहायचं तेही सांगतो. आरपीएम झटक्यात शून्य झाला तर बहुतेक इलेक्ट्रिकलच, सप्लाय गेला किंवा क्रँकचा सिग्नल गेला. आधी धापा टाकल्या, मिसिंग केलं, मग बंद पडली तर फ्युएलकडे बघा. आणि बंद पडल्यावर सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा, इंजिन फिरतंय तरी शून्यच दाखवत असेल तर क्रँकचा सिग्नल येत नाहीये, दीडशे-दोनशे दाखवत असेल तर सिग्नल ठीक आहे. सेन्सर खरंच खराब असेल तर त्याची सवय अशी की गरम झाला की मरतो, वीस-तीस मिनिटं थंड झाला की परत जिवंत. आमच्याकडे बडोद्यात मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो तेव्हा असे सेन्सर हमखास उघडे पडतात. दोन मिनिटांत चालू होणारी गाडी त्यात बसत नाही.

आता मल्टिमीटर घ्या. बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली जायला नको, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. हे पाच मिनिटांचं काम आहे, ते सोडून पुढे जाऊ नका, बॅटरीचं टर्मिनल हाताने फिरवून बघा, हलत असेल तर आधी ते कसा.

खरी मजा पुढे आहे. मीटर बीपवर ठेवून वायर तपासली आणि बीप वाजला म्हणून वायर चांगली असं समजू नका. वीस तारांपैकी एक तार शाबूत असली तरी बीप वाजतो आणि १२ व्होल्टही दिसतात, कारण मीटर करंट घेतच नाही. वायरवर लोड टाकून बघायला लागतं. याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात: मीटर डीसी व्होल्टवर, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबावर (टर्मिनलवर नाही, खांबावरच), लाल तार इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ च्या आसपास आलं तर ठीक, अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थ खराब. मग बॉडीवर लावून बघा, मग इसीयूच्या अर्थच्या वायरवर. पॉझिटिव्हचंही असंच, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जिथे सप्लाय पोचायचा तिथपर्यंत.

माझ्या गाडीत बॅटरीच्या ट्रेखाली चॅसीला एक बोल्ट आहे, त्यावर इसीयूचा आणि पंख्याचा अर्थ एकत्र. एसी बंद असताना मीटरवर ०.०३. एसी लावला, पंखा फिरायला लागला आणि आकडा ०.९ वर गेला. मी लाकडी पट्टीने वायर जरा ढकलली तर २.४ आणि इंजिन बंद! तीन महिने जे शोधत होतो ते समोर. बोल्ट कसलेला होता, वरून लग (वायरीच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी धातूची कडी) चकचकीत होता, पण जिथे वायर लगमध्ये दाबलेली असते तिथलं इन्सुलेशन कापलं तर आत तांबं नाहीच, हिरवी पावडर. पंखा सुरू होताना एकदम जास्त करंट ओढतो, तो त्या दोन-चार तारांतून परत जाणार, तेवढ्या क्षणात इसीयूला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही आणि तो रीसेट होतो. इंजिन बंद पडलं की पंखाही बंद, म्हणून लगेच सेल्फ मारला की चालू.

हिरवी पावडर कुठून आली तर २०२४ च्या ऑगस्टमधून. विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या समा भागातल्या सोसायटीत आलं होतं, गाडी अर्ध्या टायरपर्यंत पाण्यात होती, इंजिनात पाणी गेलं नाही म्हणून आम्ही निर्धास्त. पण पाणी तांब्याच्या तारांमधून वर चढतं आणि महिनोन् महिने आत खात राहतं. त्या पुरात ज्यांच्या गाड्या उभ्या होत्या त्यांनी खालचे सगळे अर्थचे बोल्ट आणि सीटखालचे कपलर एकदा उघडून बघाच, काही त्रास नसला तरी.

मीटरने नाही सापडलं तर हलवून बघायचं. गाडी आयडलिंगवर ठेवा, स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावा आणि वायरिंगचा बंच एका टोकापासून वीतभर वीतभर हलवत जा, जिथे आकडा उडी मारेल तिथे थांबा. गरम झाल्यावर येणारा फॉल्ट असेल तर हेअर ड्रायरने एकेक सेन्सर गरम करा, पावसात येणारा असेल तर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी. प्रेशरचा पाइप बोनेटखाली मारू नका, त्याने नवीनच फॉल्ट होतात. हात पंख्यापासून लांब, तो स्वतःहून कधीही लागतो. आणि पिवळ्या रंगाच्या वायरी-कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना मीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर अजिबात नाही. इसीयूच्या बारीक वायरींवरही टेस्ट लॅम्प नको, मीटरच.

कपलर तपासताना मीटरची जाड सुई समोरून पिनमध्ये घुसवू नका. फिमेल पिन त्याने फाकते आणि जो फॉल्ट नव्हता तो तयार होतो. मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने, बारीक टाचणी सरकवा. पिन सैल आहे का ते बघायला त्याच मापाची सुटी मेल पिन घालून ओढून बघा, जरा पकडली पाहिजे, आपोआप गळून पडली तर तीच गुन्हेगार.

एकदम चार-पाच कोड आले तर घाबरू नका, उलट काम सोपं होतं. त्या सगळ्यांत कॉमन काय ते शोधायचं: एकच फ्यूज, एकच रिले (करंटने चालणारा स्विच), एकच अर्थ. बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल आणि मॅप सेन्सरला (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) ५ व्होल्टची एकच लाइन असते, एक सेन्सर शॉर्ट झाला की दुसराही खोटं दाखवायला लागतो. अशा वेळी एकेक कपलर काढत जा, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतील तो धरा. रिलेचा संशय असेल तर शेजारचा त्याच नंबरचा रिले अदलाबदल करा, फुकटात टेस्ट होते.

आपल्याकडे सीएनजी किट बाहेरून बसवलेल्या गाड्या खूप, माझीही तशीच. किट बसवताना इंजेक्टरच्या वायरी मध्ये कापून जोड दिलेले असतात. ते जोड नुसते पिळून टेप मारलेले असतील तर दोन उन्हाळ्यांत टेपचा गोंद वितळतो आणि वायरी उघड्या. फॉल्ट फक्त सीएनजीवर येतो की पेट्रोलवरही, हे म्हणूनच वहीत लिहायचं. बाहेरून लावलेला म्युझिक सिस्टिम, जादा हॉर्न, जीपीएस, यांचेही जोड तसेच बघा. आणि पार्किंगमध्ये उंदीर असतील तर एअर फिल्टरच्या डब्यामागे टॉर्च मारा.

दुरुस्ती म्हणाल तर मला नवीन लग आणि हातभर त्याच जाडीची वायर लागली, अडीचशे रुपयांच्या आत झालं. हिरवा भाग कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे गेलो, लग दाबून घेतला, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून काढला, कसला आणि वरून ग्रीस. मग मुद्दाम दुपारी दोनला, एसी फुल, काळा घोड्यापाशीच बाजूला घेऊन वीस मिनिटं आयडलिंगवर उभी केली, मीटरच्या तारा खिडकीतून आत घेतल्या होत्या. पंखा सहा वेळा लागला, आकडा ०.०५ च्या वर गेला नाही. तेव्हाच कोड पुसले, पुढच्या दोन आठवड्यांत पेंडिंगला काही येतंय का ते रोज बघितलं, आणि आईला घेऊन डॉक्टरकडे गेलो.