दोष काचेवर होता

हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या न्यूरॉन्समधला (चेतापेशींमधला) सोडियम प्रवाह मोजताना एकाच दिवशी लावलेल्या दोन कव्हरस्लिपांवर (पेशी वाढवायच्या पातळ काचांवर) वेगळेच आकडे येत होते. पिपेट, द्रावणं, अ‍ॅम्प्लिफायर, सगळं तपासून झालं. मग सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिलं, तर एका काचेवर पेशी गठ्ठे करून बसलेल्या.

काचा नायट्रिक आम्लात धुतल्या. पेशी काचेला चिकटाव्यात म्हणून पॉली-डी-लायसीनचा लेप रात्रभर ठेवून पाण्यानं तीनदा खळबळलं (मोकळं उरलेलं पेशींना मारतं), वर लॅमिनिन (पेशींना धरून ठेवणारं प्रथिन) दिलं. पेशी पसरल्या, आकडे जुळले.

लॅमिनिनला धरणारी इंटिग्रिन्स (पेशीच्या पडद्यातली प्रथिनं) आतली कायनेज एन्झाइम्स जागी करतात आणि त्यांचा हात सोडियमसारखे आयन आत-बाहेर सोडणाऱ्या चॅनेलांपर्यंत पोचतो. सोडियम चॅनेलचा बीटा-१ उपघटक तर स्वतःच पेशी चिकटवणारा रेणू आहे! आता प्रत्येक नोंदीसोबत लेपाची तारीखही लिहितो.